लेक बापाशी बोलते का?

धान निघाले की तुमसरचा बाजार भरून जातो. बंड्या येतात, ट्रॅक्टर येतात. पोत्यांच्या थप्प्या लागतात. मागल्या साली अशाच गर्दीत आम्ही एक माणूस पाहिला. तो पोत्यावर बसला होता. मांडीवर चार वर्षांची पोरगी होती. तो तिला फुटाणे सोलून देत होता. येणारा-जाणारा जो तो थांबे आणि विचारी, "काहून गा, हिची माय कुठं गेली?"

तो सांगून सांगून थकला. शेवटी म्हणाला, "माय घरीच हाय. पोरगी माझ्यासंगं आली."

लोक हसले. एक जण म्हणाला, "पोरगं असतं तं ठीक होतं. धानाचा भाव समजला असता त्याले."

या हसण्याचे आम्हाला नवल वाटले नाही. काही वर्षांपूर्वी आम्हीही असेच हसलो असतो. आमचा जन्म शाळेत गेला. हेडमास्तर होऊन आम्ही निवृत्त झालो. लोकांच्या शेकडो पोरी आमच्या हाताखाली शिकल्या. पण घरची पोरगी कशी वाढवावी, हे आम्हाला फार उशिरा कळले. कसे कळले ते आज सांगतो.

आधी एक प्रश्न विचारू द्या. तुमची लेक तुमच्याशी बोलते का?

तुम्ही म्हणाल, हे काय विचारणे झाले? एका घरात राहतो, बोलणारच. पण नीट आठवून पाहा. "बाबा, जेवायला चला." "बाबा, पैसे द्या." हे बोलणे नव्हे. पाटी फुटली, दाढ दुखते, बाईंनी मारले, रस्त्यावर एका माणसाने हात धरला, हे ती कोणाला सांगते? आईला सांगते. आईला सांगवले नाही तर मैत्रिणीला. तेही जमले नाही तर मनातच ठेवते. बापापर्यंत ते येतच नाही.

आमच्या घरी असेच होते.

आम्हाला दोन मुली. थोरली अकरा वर्षांची झाली तेव्हाची गोष्ट. गावात शाळा चौथीपर्यंतच होती. पुढच्या शाळेला दुसऱ्या गावी जावे लागे. वाट तीन किलोमीटरची. आम्ही तिला जुनी सायकल घेऊन दिली. पहिले काही महिने ती हसत-खेळत गेली. मग पोळा झाला आणि तिचे पोट दुखू लागले. रोज सकाळी दुखायचे. दुपारी बरे व्हायचे. आम्ही शिक्षक माणूस. पोरांच्या अशा पोटदुख्या आम्ही पुष्कळ पाहिल्या होत्या. आम्ही म्हणालो, "ढोंग आहे. अभ्यास नको हिला." एके दिवशी तर हात उगारला. उगारला कशाला म्हणा, मारलेच. वीस-बावीस दिवस तिची शाळा बुडाली.

दिवाळीला आमची बहीण आली. रात्री पोरगी आत्याच्या कुशीत झोपली आणि तिने सारे सांगितले. वाटेत एक पूल होता. पुलाजवळ पानठेला होता. तिथे दोन-चार मोठी पोरे बसत. ती तिची सायकल अडवत. घाणेरडे बोलत. एकदा त्यांनी तिची ओढणी ओढली.

आत्याने विचारले, "बाबाले काहून नाही सांगतलं?"

पोरगी म्हणाली, "सांगतलं तं माही शाळाच बंद करतीन."

सकाळी बहिणीने हे आम्हाला सांगितले. आम्ही काय म्हणालो असू? आम्ही म्हणालो, "उद्यापासून शाळा बंद. घरी बसून शिकेल." म्हणजे पोरीचा अंदाज अगदी बरोबर होता. अकरा वर्षांच्या पोरीने बापाला पुरते ओळखले होते. बापाने मात्र पोरीला ओळखले नव्हते.

आमची बहीण अंगठाबहाद्दर. पण तिने आम्हाला चांगले सुनावले. "चोरी त्या पोट्ट्यांनी केली, न् शिक्षा पोरीले? हे कोणत्या पुस्तकात लिहिलं हाय, मास्तर?"

मग आम्ही महिनाभर रोज सकाळी सायकल काढून पोरीबरोबर गेलो. त्या पोरांच्या घरी जाऊन त्यांच्या बापांशी बोललो. दोघांनी ऐकले. एकाने उलट आम्हालाच शिकवले, की पोरगी घरात ठेवा. पण त्रास थांबला. शाळा सुटली नाही. थोरली शिकली, नोकरीला लागली, आता तिचा संसार आहे. सगळे ठीक आहे. फक्त एक गोष्ट राहून गेली. आजही तिचा फोन आला की ती आम्हाला विचारते, "बाबा, बरे आहात ना? गोळ्या घेतल्या ना? आईला द्या." तीन वाक्ये झाली की फोन आईकडे जातो. चाळीस वर्षांत जी सवय लागली नाही, ती आता कशी लागणार?

धाकटीच्या वेळी आम्ही शहाणे झालो. म्हणून हे लिहायचा अधिकार थोडासा आला, असे समजतो.

आता तुम्ही विचाराल, बोलायची सवय लावायची कशी? पोरीला समोर बसवून "बोल" म्हटले तर ती बोलत नाही. मोठ्या माणसालाही तसे बोलता येत नाही. बोलणे हे कामाच्या ओघात निघते. रोवणीत बाया कशा बोलतात, पाहा. हात चिखलात, आणि तोंड चालू. तसेच बापाचे आणि लेकीचे आहे. दोघांनी मिळून काही करावे लागते. आणि ते पोरगी लहान असतानाच सुरू करावे लागते.

अगदी तान्ही असताना बापाला वाटते, यात आपले काय काम? दूध तर आईच पाजणार. खरे आहे. पहिले सहा महिने बाळाला आईचेच दूध द्यावे, पाणीसुद्धा नको. पण दूध पाजणे सोडून बाकी सारे बापाला करता येते. दुपटे बदलणे, ढेकर काढणे, खांद्यावर घेऊन अंगणात फिरवणे. फिरवताना बोलावे. "हा पाहा चंद्र, ही पाहा गाय." बाळाला कळत नाही असे समजू नका. पहिल्या दोन-तीन वर्षांत मुलाचा मेंदू जितका झपाट्याने वाढतो, तितका पुढे कधीच वाढत नाही. जितके बोलणे कानावर पडेल, तितकी भाषा लवकर येते. बापाचा आवाज त्या वयात ओळखीचा झाला, की पुढे त्या आवाजाची भीती वाटत नाही.

टोचण्यांच्या दिवशीही बापाने जावे. जन्मल्याबरोबर, मग दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, मग नऊ महिने, असे दिवस ठरलेले असतात. कार्ड अंगणवाडीत किंवा दवाखान्यात मिळते. ते कार्ड बापाने स्वतः वाचावे. आता तुम्हाला वाचता येते.

दोन-तीन वर्षांची झाली की वेणी घाला. हसू नका. आम्ही धाकटीची वेणी घालायला शिकलो तेव्हा आमची बायको पदर तोंडाला लावून हसली. पहिल्या दिवशी एक वेणी वर, एक खाली. पोरगी तशीच अंगणवाडीत गेली. पण वेणीला दहा मिनिटे लागतात, आणि त्या दहा मिनिटांत पोरगी पाठमोरी बसलेली असते. बापाचे तोंड दिसत नाही. म्हणून ती मोकळी बोलते. शाळेत कोण कोणाशी भांडले, कोणाच्या डब्यात काय होते, सारे निघते. आम्ही नुसते "हो का?" म्हणत असू. शिकवायचे नाही, रागवायचे नाही. मास्तरला ते फार जड गेले.

कोणी म्हणेल, "गुरुजी, आमाले येळ कुठं हाय?" बरोबर आहे. चिखल्याच्या किंवा डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणीत पाळीने काम करणारा माणूस सकाळी घरी नसेल. रोवणीच्या दिवसांत पहाटे बांधीत उतरणारा माणूस रात्री पाठ टेकताच झोपतो. देव्हाडीच्या स्टेशनावरून गाडी धरून जो नागपूरला कामाला जातो, त्याचे तर विचारूच नका. पण अर्धा तास कोठून तरी निघतो. पानठेल्यावरचा अर्धा तास आहे. मोबाईलमधला अर्धा तास आहे. आणि वेगळा वेळ काढायलाच हवा असेही नाही. बैल पाण्यावर न्यायचे असतील तर पोरीला सोबत न्या. धुऱ्यावर तुरीला पाणी घालायचे असेल तर एक लहान लोटा तिच्या हाती द्या. बाजारात न्या. धानाचा भाव तिलाही समजू द्या. तो फुटाणेवाला बाप काही वेगळे करत नव्हता. तो आपले कामच करत होता, पोरगी मांडीवर घेऊन.

आता पोरीने काही वाईट सांगितले तर काय करावे? इथेच बाप चुकतो. पहिला राग पोरीवर निघतो. "तू तिकडे गेलीच कशाला?" हे एक वाक्य बोलले, की दार बंद झाले समजा. ती पुन्हा सांगणार नाही. म्हणून आधी पूर्ण ऐकावे. मग म्हणावे, "सांगितलेस, बरे केलेस. तुझी यात चूक नाही." मग पुढचे पाहावे. अंगाशी झोंबणारा माणूस पुष्कळदा ओळखीचाच असतो, कधी कधी नात्यातलाही असतो. तो कोण आहे ते पाहून गप्प बसू नये. लहान मुलांना अशा माणसांपासून वाचवायला २०१२ साली पोक्सो नावाचा कडक कायदा झाला आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन आहे. त्याला पैसे पडत नाहीत. पोरगीही स्वतः तो लावू शकते. हा आकडा घरात भिंतीवर लिहून ठेवा.

आणि शाळा बंद करू नका. आमच्या बहिणीचे बोल आठवा.

पोरगी दहा-बारा वर्षांची झाली की तिला पाळी येते. हे लिहिताना आमचाही हात क्षणभर थांबला. आमच्या पिढीत बापाने हा शब्द उच्चारला नाही. पण त्यामुळे काय होते? पोरगी घाबरते. तिला वाटते आपल्याला काही रोग झाला. मळके फडके वापरते, ते अंधारात वाळत घालते, त्याने आजार होतो. महिन्यातले चार दिवस शाळा बुडते. आईने तिला आधीच समजावून सांगावे. बापाने काय करावे? किराणा आणताना पॅडचा पुडा आणावा, आणि तो साखरेच्या पुड्यासारखा उघड आणून ठेवावा. एवढ्याने पोरीला कळते, की यात लपवण्यासारखे काही नाही. या वयात अंगातले रक्त कमी पडते. दवाखान्यातून आणि शाळेतून लोहाच्या गोळ्या मिळतात. ताटात वरण, हिरवी भाजी, जमेल तेव्हा अंडे असावे. भावाच्या ताटात जेवढे, तेवढेच बहिणीच्या ताटात. बाप पंगतीत असला तर त्याने हे डोळ्यांनी पाहावे.

पोरीचे ऐकणारा बाप म्हणजे नव्या जमान्याचे खूळ, असे काही लोक म्हणतात. त्यांना आम्ही एक जुनी गोष्ट सांगतो. गोष्ट खरी आहे.

मुंबईत १८६४ साली रखमाबाईंचा जन्म झाला. त्या लहान असतानाच वडील वारले. आईने दुसरे लग्न केले. सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन हे फार शिकलेले गृहस्थ. तेव्हाच्या चालीप्रमाणे रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षीच झाले. पण त्या सासरी गेल्या नाहीत. आईबापांकडेच राहिल्या आणि घरीच पुस्तके वाचून शिकल्या. मोठ्या झाल्यावर त्यांनी स्पष्ट सांगितले, की मला कळत नव्हते तेव्हा लग्न झाले, मी या माणसाकडे नांदायला जाणार नाही. १८८४ साली नवऱ्याने कोर्टात दावा लावला. साऱ्या मुंबईत बोभाटा झाला. लोकांनी घरच्यांनाच नावे ठेवली. पण सखाराम अर्जुन पोरीच्या मागे उभे राहिले. सख्खा बाप नव्हे, सावत्र, तरीही. दावा चालू असतानाच, १८८५ साली ते वारले. १८८७ साली कोर्टाने सांगितले, नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. शेवटी १८८८ साली तडजोड होऊन त्या सुटल्या. मग विलायतेला गेल्या, डॉक्टर झाल्या आणि परत येऊन सुरतेच्या दवाखान्यात त्यांनी बायाबापड्यांची सेवा केली.

त्या काळी पोरीचे लग्न किती वर्षांनी करावे, याला फारसा धरबंध नव्हता. आज आहे. १९२९ साली शारदा कायदा आला. त्याने मुलीचे वय चौदा ठरवले. १९७८ साली ते अठरा झाले. २००६ च्या कायद्याने बालविवाह लावणारे, जमवणारे, सारे गुन्हेगार ठरतात. पंचक्रोशीत अजूनही कोणी कोणी सोळाव्या वर्षी उरकून टाकतो आणि म्हणतो, "पोरगी तयार होती." आम्ही विचारतो, तिला कोणी विचारले? आणि नाही म्हटले असते तर कोणी ऐकले असते?

आणखी एक गोष्ट नावाची. सातारा जिल्ह्यात काही घरांत दुसरी, तिसरी पोरगी झाली की तिचे नाव 'नकुसा' ठेवत. म्हणजे नको असलेली. ती पोरगी शाळेत जाई, आणि रोज हजेरीत मास्तर हाक मारी, "नकुसा!" ती "हजर" म्हणे. आम्ही जन्मभर हजेरी घेतली आहे. म्हणून हे वाचले तेव्हा आमच्या पोटात कालवले. २०११ साली तिथल्या जिल्हा परिषदेने एक समारंभ केला आणि अशा २८५ मुलींची नावे बदलली. मुलींनी आपल्या आवडीची नवी नावे घेतली. आपल्याकडे असे नाव कोणी ठेवत नसेल. पण "तिसरी बी पोरगीच झाली" हे वाक्य त्या तिसरीच्या देखत किती वेळा बोलले जाते? तिला ऐकू येते, बरे का.

पोरगी होण्यात आईचा दोष नसतो, हेही इथेच सांगून टाकतो. मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या बीजावर ठरते. ज्याला बायकोवर रागवायचे असेल त्याने आधी आरशात पाहावे.

पैशाचे थोडे सांगतो. लेक म्हणजे खर्च, असे बाप म्हणतो. पण सरकारने काही सोयी केल्या आहेत, त्या माहीत हव्यात. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी 'लेक लाडकी' योजना आहे. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेच्या घरांना ती मिळते. जन्मल्यावर ५,००० रुपये, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर ७५,०००. अटी आहेत, त्या अंगणवाडीताईंना विचाराव्या. दुसरी सोय पोस्टात आहे. तिचे नाव सुकन्या समृद्धी. पोरगी दहा वर्षांची व्हायच्या आत तिच्या नावाने खाते उघडता येते. वर्षाला निदान २५० रुपये भरावे लागतात. पंधरा वर्षे भरायचे. ती अठरा वर्षांची झाली की शिकण्यासाठी निम्मे काढता येतात. एकवीस वर्षांनी सारे व्याजासकट मिळतात. आणि जमीनजुमल्याचे म्हणाल तर २००५ सालापासून हिंदू घरातल्या लेकीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा आहे. सही घेऊन तो सोडवून घेण्याची घाई भाऊ करतात. बापाने हयातीतच यावर बोललेले बरे.

पोस्टात जाल तेव्हा पोरीला सोबत न्या. पासबुक तिच्या हाती द्या. घरी येऊन दोघे मिळून ते वाचा. तुम्ही नुकतेच वाचायला शिकला आहात. तिचीही पहिली-दुसरी असेल. आमच्या रात्रीच्या वर्गाला एक गृहस्थ येत. राईस मिलमध्ये हमाली करत. त्यांची लेक दुसरीत होती. सुरुवातीला ते पुस्तक तिच्यापासून लपवत. आम्ही विचारले, "का हो?"

"काय सांगू जी? तिचं वाचणं सरसर होते. मी अडखळतो. बापाची काय इज्जत रायली?"

आम्ही म्हणालो, "आठ दिवस लपवू नका. मग सांगा."

पंधरा दिवसांनी ते आले तेच हसत. म्हणाले, "गुरुजी, रातच्याले आमी दोघं कंदिलासारखी बॅटरी लावून बसतो. मी 'ज्ञ' ले 'झ' म्हटलं. तिनं माह्या डोक्यावर टपली मारली."

आम्ही विचारले, "मग तुम्ही काय केले?"

"काय करीन जी? पाटी घेतली न् दहा वेळा 'ज्ञ' लिहिला. ती बाजूले बसून पाहत होती. मंग आपल्या आपणच सांगू लागली, का शाळेत तिले बाकावर कोणी बसू देत नाही. सहा महिने झाले म्हणे. मले आज समजलं."

दुसऱ्या दिवशी मिलमधली अर्धी पाळी सोडून ते शाळेत गेले.